देणगीची रुग्णवाहिका घ्यावी की नवी बांधून घ्यावी? आधी मागे बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सेवाभावी संस्थेला परदेशातून वापरलेली, पण 'पूर्ण सुसज्ज' रुग्णवाहिका देणगी म्हणून मिळते आहे. जहाजभाडं आणि कर संस्थेनं भरायचे. दुसरा पर्याय नवी व्हॅन घेऊन तिच्यावर काम करून घेण्याचा. संस्थेच्या भागात वाहतूक डाव्या बाजूनं चालते, रस्ते अर्धे डांबरी नि अर्धे कच्चे, मोठं रुग्णालय दीड तासावर. कोणत्या देशाचं मानक धरावं, उपकरणं कोणती घ्यावीत आणि सुरक्षेसाठी काय बघावं?

मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेच्या मागच्या भागात पेशंटशेजारी काम केलं आणि नंतर गाड्यांचे तपशील लिहून देणं, बांधून आलेल्या गाड्या तपासून घेणं या कामाकडे वळलो. त्यामुळे माझं उत्तर मागच्या सीटवरून दिलेलं आहे, हे आधीच सांगतो. गाडी विकणारे इंजिन आणि दिवे दाखवतात, देणगी देणारे उपकरणांची यादी पाठवतात. पट्टा लावून बसलेल्या माणसाचा हात कुठपर्यंत पोहोचतो, हे मात्र कुणीच आपणहून सांगत नाही. मी गाडी जोखतो ती तिथून.

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं म्हणतात खरं, पण या गाईचे दात मोजावेच लागतील. पहिला दात म्हणजे बाजूचा दरवाजा. पेशंटच्या कक्षात चढायचा दरवाजा फुटपाथच्या बाजूला हवा. उजव्या बाजूनं वाहतूक चालणाऱ्या देशात बनलेल्या गाडीला तो उजवीकडे असतो. तीच गाडी तुमच्याकडे आली की तो दरवाजा थेट धावत्या वाहनांच्या अंगावर उघडतो. रात्री, पावसात, हातात बॅग घेऊन घाईनं उतरणारा माणूस ट्रकसमोर उतरतो. दरवाजा एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला बसवता येत नाही, कारण आतली कपाटं, सीट आणि ऑक्सिजनची जागा सगळी त्याच्याभोवती रचलेली असते. अशा गाड्यांवर 'हा दरवाजा वापरू नये' अशी पाटी लावलेली मी पाहिली आहे. पाटी आठवडाभर पाळली जाते.

दुसरा दात ऑक्सिजनचा. भिंतीवरच्या ज्या आउटलेटमध्ये फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती सोडायचा ते मोजणारी नळी, खोचायचा, त्याचा आकार देशागणिक वेगळा आहे. ब्रिटिश पद्धतीचा वेगळा, जर्मन वेगळा, फ्रेंच वेगळा, अमेरिकेत तर एकाहून अधिक. एकाचा प्रोब दुसऱ्यात बसत नाही, आणि बसू नये अशीच ती रचना आहे. छोट्या सिलिंडरवरचा पिन इंडेक्स, म्हणजे ऑक्सिजनसाठी २ आणि ५ या जागांच्या पिना, जगभर सारखा आहे. पण मोठ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे आटे सारखे नसतात. म्हणजे गाडी येते, तिच्यासोबतचा सिलिंडर संपतो आणि गावातला भरलेला सिलिंडर तिच्या रेग्युलेटरला लागतच नाही. रंगावरही विसंबू नका. अमेरिकेत ऑक्सिजनचा सिलिंडर हिरवा, युरोपात खांद्याशी पांढरा, भारतात काळ्या अंगाचा नि पांढऱ्या खांद्याचा. नव्या माणसाला लेबल वाचायचीच सवय लावा.

वीज हा तिसरा. अमेरिकेतून आलेल्या गाडीतली चार्जिंगची व्यवस्था १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते, जपानची १०० व्होल्टची. तुमच्याकडे २३० व्होल्ट असेल तर गॅरेजमध्ये गाडी उभी असताना मॉनिटर आणि सक्शनची, म्हणजे घशातली घाण ओढून काढणाऱ्या यंत्राची, बॅटरी चार्ज करायची सोय बदलून घ्यावी लागेल. हे काम होण्यासारखं आहे, पण होईपर्यंत कोणी घाईत प्लग लावला तर चार्जर जळतो. आणि सक्शन मशीनची बॅटरी उतरली आहे हे नेहमी उलटी घशात अडकलेल्या पेशंटसमोरच कळतं.

आता मानकांकडे येऊ. इथे नावांचा एक मोठा सापळा आहे. युरोपच्या ईएन १७८९ या मानकात ए१ आणि ए२ म्हणजे साध्या ने-आणीच्या गाड्या, बी म्हणजे आपत्कालीन रुग्णवाहिका आणि सी म्हणजे फिरता अतिदक्षता कक्ष. भारताच्या एआयएस-१२५ मध्ये ए म्हणजे प्रथमोपचार घेऊन आधी पोहोचणारं वाहन, बी म्हणजे नुसती रुग्ण-वाहतूक, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. तेव्हा एकाची 'टाइप बी' हृदयविकाराच्या पेशंटला न्यायला सज्ज, तर दुसऱ्याची 'टाइप बी' डायलिसिसच्या पेशंटला घरी सोडायला. अमेरिकेत टाइप एक, दोन, तीन म्हणतात तेव्हा उपचारांचा त्यात काही संबंधच नसतो. ते गाडीच्या सांगाड्याचं वर्णन आहे: एक म्हणजे ट्रकच्या चेसिसवर बसवलेला डबा, दोन म्हणजे उंच छताची व्हॅन, तीन म्हणजे व्हॅनच्या पुढच्या भागामागे जोडलेला डबा. देणगीच्या पत्रात 'टाइप थ्री' लिहिलं असेल तर त्यावरून आत काय आहे हे अजिबात कळत नाही. पत्रव्यवहारात अक्षरं वापरूच नका. काय हवं ते वाक्यात लिहा.

ही गुंतागुंत कुठून आली हे बघितलं की मानकं जरा कळतात. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यात नोंद होती की देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवतात. कारण आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच होती. या अहवालानंतर चक्रं फिरली आणि १९७४ मध्ये केकेके-ए-१८२२ हे सरकारी खरेदीसाठीचं तपशीलपत्र आलं. पुढची कित्येक दशकं अमेरिकी रुग्णवाहिका त्यावरच बनत होती. ट्रकच्या चेसिसवर मोठा चौकोनी डबा, आत ऐसपैस जागा, एका बाजूला लांब बाक, हे तिथलं रूप. युरोपात रस्ते अरुंद, गावं जुनी, म्हणून कारखान्यातून आलेली व्हॅन घेऊन तिच्या आत काम करायची रीत पडली. जपानमध्ये गाडी आणखी आटोपशीर, आणि चांगल्या गाड्यांत स्ट्रेचरखाली धक्के शोषून घेणारा वेगळा मंच बसवतात. ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. गाडीची स्प्रिंग भार पेलण्यासाठी कडक ठेवावीच लागते. मग पेशंटपुरता मऊपणा वेगळा द्यायचा.

मानकांतला सगळ्यात मोलाचा फरक मात्र आकाराचा नाही, चाचणीचा आहे. ईएन १७८९ सांगतं की स्ट्रेचर आणि आतली उपकरणं पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि उभ्या दिशेनं १० जी इतका झटका सोसून जागेवर राहिली पाहिजेत. १० जी म्हणजे काय, तर ९ किलोचा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र, त्या क्षणी ९० किलोच्या माणसाएवढ्या जोरानं पुढे जायला बघतो. तो जर कपाटावर नुसता ठेवलेला असेल किंवा वेल्क्रोच्या पट्टीनं अडकवलेला असेल, तर तो क्षेपणास्त्रच झाला. अमेरिकेत पूर्वी स्ट्रेचर गाडीच्या जमिनीला अडकवणाऱ्या खिळीची परीक्षा संथ ओढ देऊन होत असे. प्रत्यक्ष झटक्याच्या चाचण्या वाहन अभियंत्यांच्या एसएई या संघटनेच्या जे३०२७ आणि तिच्या जोडीच्या मानकांनी नंतर आणल्या. म्हणून जुनी अमेरिकी गाडी दिसायला कितीही दणकट असली, तरी तिच्यातली शिंगासारखी दिसणारी स्ट्रेचरची खीळ कोणत्या चाचणीत उतरली आहे हे विचारा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याच विषयापुरतं, म्हणजे आतल्या माणसांना आणि सामानाला धरून ठेवण्यापुरतं, एएस/एनझेडएस ४५३५ असं स्वतंत्र मानक आहे. नुसत्या एवढ्याच विषयाला वेगळं मानक द्यावंसं वाटलं, यावरून त्याचं वजन लक्षात घ्या.

माझा स्वतःचा धडा सांगतो. सुरुवातीच्या काळात मॉनिटर पेशंटच्या पायांवर ठेवायची आमची पद्धत होती, कारण तिथून स्क्रीन दिसायचा. मी पट्टा न लावता उभा राहून रक्तदाब घेत होतो. चालकानं आडव्या आलेल्या दुचाकीला वाचवायला करकचून ब्रेक मारला. टक्कर झालीच नाही, नुसता ब्रेक. मॉनिटर पेशंटच्या छातीवरून सरकत जाऊन पुढच्या भिंतीवर आपटला आणि मी कपाटाच्या कोपऱ्यावर. पेशंटला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, माझा हात मात्र खांद्यामुळे सहा आठवडे गळ्यात. त्या कपाटाचा कोपरा काटकोनी, ॲल्युमिनियमचा होता. त्यानंतर कुठलीही गाडी तपासताना मी आधी डोळे मिटून कोपऱ्यांवरून हात फिरवतो.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या, एनएचटीएसएच्या, १९९२ ते २०११ या २० वर्षांच्या आकडेवारीनुसार तिथे वर्षाला सरासरी ४५०० अपघातांत रुग्णवाहिका सापडतात आणि सरासरी ३३ माणसं मरतात. त्यातली ६३ टक्के माणसं दुसऱ्या वाहनातली असतात. ज्या अपघातांची खोलात चौकशी झाली, त्यांत मागच्या कक्षातल्या कर्मचाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांनी पट्टा लावलेला नव्हता. खांद्याचे आणि कमरेचे असे दोन्ही पट्टे लावलेले पेशंट अवघे ३३ टक्के होते, आणि ४४ टक्के पेशंट स्ट्रेचरवरून फेकले गेले.

हे ८४ टक्के लोक बेफिकीर होते असं मला वाटत नाही. गाडीची रचनाच अशी होती की पट्टा लावला तर पेशंटपर्यंत हात पोहोचत नव्हता. आडव्या लांब बाकावर बसलं की टक्कर पुढून आली तरी आपल्या शरीराला ती बाजूनं बसते, आणि बाजूचा झटका मानेला सगळ्यात कमी सोसवतो. त्या बाकावरून ऑक्सिजनचा मुखवटा लावायला उठावं लागतं, हातमोजे घ्यायला उठावं लागतं, वायरलेसवर बोलायला उठावं लागतं. उठायचंच आहे तर पट्टा कशाला, असा विचार कुणीही करेल. म्हणून माझी मागणी कायम अशी असते: पुढे किंवा मागे तोंड करून लॉक होणारी, गरजेपुरती वळणारी आणि स्ट्रेचरच्या लांबीला समांतर पुढे-मागे सरकणारी सीट, तिला तीन किंवा चार टोकांचा पट्टा, आणि एक सीट पेशंटच्या डोक्यामागे.

गाडी बांधायला देण्याआधी खोकी, प्लायवूड आणि चिकटपट्टी घेऊन जमिनीवर मागच्या कक्षाचा नमुना उभा करा. एक सहकारी आडवा झोपवा. दुसऱ्याला खुर्चीवर पट्ट्यानं बांधून बसवा आणि सांगा: मुखवटा लाव, सक्शन सुरू कर, रक्तदाब घे, सुई टोच आणि ती वापरलेली सुई डब्यात टाक, चालकाशी बोल, उलटीची पिशवी दे. सात कामं. किती वेळा पट्टा सोडावा लागला ते मोजा. मग खोकी हलवा आणि परत करा. एका दुपारचं काम आहे, आणि ते केलेल्या प्रत्येक ठिकाणी आराखडा बदललेला मी पाहिला आहे. बुटक्या आणि उंच, दोन्ही माणसांकडून करून घ्या. नमुन्यात हमखास सापडणारी चूक म्हणजे वापरलेल्या सुयांचा डबा दाराजवळ असतो आणि सुई टोचणारा दुसऱ्या टोकाला.

स्ट्रेचरबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पेशंटचं डोकं सहसा चालकाच्या बाजूला असतं. समोरून टक्कर झाली की शरीर डोक्याच्या दिशेनं घसरतं. छातीवर, मांडीवर आणि पायांवर आडवे बांधलेले तीन पट्टे या घसरण्याला जवळजवळ काहीच अडथळा करत नाहीत. माणूस त्यांच्याखालून वर सरकतो आणि डोकं भिंतीला लागतं. त्याला अडवतात ते दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे. देणगीच्या गाडीचे फोटो मागवाल तेव्हा स्ट्रेचरचे खांद्याचे पट्टे दिसतील असा फोटो मागवा. बहुतेक वेळा ते 'धुवायला काढले' असतात आणि परत आलेले नसतात. बाळाला आईच्या मांडीवर किंवा आईच्या छातीवर बांधून न्यायचं नाही. १० जी मध्ये ४ किलोचं बाळ ४० किलोचं होतं, ते कुठल्याही हातात राहत नाही. बाळासाठी स्ट्रेचरला बांधता येणारी वेगळी झोळी मिळते, ती घ्या. नातेवाइकाला पुढे, पट्टा लावून बसवा.

ऑक्सिजनचा हिशेब प्रत्येक संस्थेनं स्वतः करावा, कारण यादीत 'ऑक्सिजन सिलिंडर: २' एवढंच लिहिलेलं असतं. पाण्याच्या मापानं १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला तर त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १५ लिटर वापरले तर १०० मिनिटं. तुमचं रुग्णालय ९० मिनिटांवर, वर पेशंटला घरातून काढायला २० मिनिटं आणि रुग्णालयाच्या दारात खाट मिळेपर्यंतची वाट. एक सिलिंडर पुरत नाही, आणि दुसरा अर्धाच असेल तर दारात वाट बघण्यासाठी जेमतेम ४० मिनिटांचा वायू उरतो. मी अपेक्षित वापराच्या दुप्पट साठा धरतो. व्हेंटिलेटर घेणार असाल तर तो ऑक्सिजनच्याच दाबावर चालतो की स्वतःच्या टर्बाइनवर, हे विचारा; दाबावर चालणारा यंत्र हलवण्यासाठीही वायू खातो. सिलिंडर चालत्या गाडीत, पट्टा न सोडता बदलता येईल का, हेही बघा.

उपकरणांची बाकी यादी लांबवत नाही, ती कुठल्याही मानकाच्या परिशिष्टात मिळते. दोन-तीन मतं तेवढी सांगतो. सक्शनमध्ये तडजोड करू नका. नळी चिमटीत बंद केल्यावर ४ सेकंदांत ३०० मिलिमीटर पाऱ्याएवढी ओढ आली पाहिजे, ही अमेरिकेत वर्षानुवर्षं वापरली जाणारी कसोटी सोपी आहे आणि दर आठवड्याला करता येते. हातानं चालवायचा एक सक्शन पंप जोडीला ठेवा. मणक्याच्या इजेसाठी लाकडी किंवा प्लास्टिकची कडक फळी अमेरिकेत रुळली; युरोपात दोन भागांत उघडणारं स्कूप स्ट्रेचर आणि हवा काढली की शरीराचा आकार घेणारी व्हॅक्युम गादी जास्त दिसते. दीड तासाच्या कच्च्या रस्त्यासाठी मी डोळे मिटून गादी घेईन. कडक फळीवर दीड तास झोपून बघा, म्हणजे का ते कळेल. आणि जे यंत्र वापरायला प्रशिक्षित माणूस गाडीत नसेल, ते घेऊच नका. फ्रान्समध्ये गंभीर पेशंटकडे डॉक्टर असलेलं पथक जातं, जर्मनीत डॉक्टर बहुधा वेगळ्या छोट्या गाडीतून येऊन रुग्णवाहिकेला गाठतो. तिथली गाडी तिथल्या माणसांच्या हिशेबानं भरलेली असते. तुमच्याकडे चालक आणि एक परिचारक असेल, तर त्यातली निम्मी यंत्रं वर्षभर धूळ खातील आणि वजन मात्र रोज वाहावं लागेल.

वजनावरून आठवलं. युरोपात साध्या परवान्यावर सहसा ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्यांना त्यापुढच्या गाडीसाठी सी१ हा वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणून तिथे ३.५ टनांत बसवायची धडपड असते आणि पुष्कळ गाड्या काठोकाठ भरलेल्या असतात. बॅटरीवर उचलली जाणारी स्ट्रेचर पाठ वाचवते, यात वाद नाही. उचलण्यामुळे पाठ गेलेले सहकारी मी मोजून थकलो. पण तिचं स्वतःचं वजन ५५-६० किलोच्या घरात जातं. त्यात दोन सिलिंडर, जादा बॅटरी, एसी, कपाटं, चार माणसं. हे सगळं मागच्या धुरीवर आणि बरंचसं कमरेच्या वर येतं. जड आणि उंच गाडी वळणावर आधी झुकते, ब्रेकला उशिरा थांबते आणि टायर कडेनं खाते. उपकरणं वाढवणारा माणूस चालकाला विचारत नाही.

कच्च्या रस्त्याचा तुमचा अर्धा प्रवास मला सगळ्यात जास्त खुपतो. आफ्रिकेत आणि मदतसंस्थांच्या ताफ्यात टोयोटा लँड क्रूझर ७८ का दिसते, तर ४.२ लिटरचं साधं डिझेल इंजिन, कमीत कमी इलेक्ट्रॉनिक्स, आणि कुठेही भेटणारा मेकॅनिक ती उघडू शकतो. किंमत पेशंट चुकवतो: पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर उडत जाणारी, आत उभं राहता येणार नाही इतकी बुटकी गाडी. मलावीत तर प्रसूतीच्या अडलेल्या बायकांना आरोग्य केंद्रात आणायला साइडकार जोडलेल्या मोटारसायकली वापरल्या गेल्या, आणि जिथे चारचाकीची वाट बघण्यात तास जायचे तिथे त्यांनी वेळ वाचवला. व्हेनिसमध्ये रुग्णवाहिका म्हणजे बोट. तुमच्या भागात कदाचित उत्तर असं असेल की कच्च्या भागासाठी चार चाकांना जोर असलेली साधी गाडी आणि डांबरीवर तिची वाट बघणारी चांगली व्हॅन. बदली करताना पाच मिनिटं जातात, पण व्हॅनचं आयुष्य वाढतं. थंड देशातल्या गाडीचा हीटर उत्कृष्ट असतो, मागच्या कक्षाचा एसी मात्र नावापुरता. उन्हात उभ्या गाडीत ईसीजीची चिकट इलेक्ट्रोड सुकतात, औषधं खराब होतात. त्या बाबतीत नवी बांधलेली गाडी हमखास सरस ठरते.

दिसण्याबद्दल. लाल रंग संध्याकाळी काळपट दिसतो, कारण उजेड कमी झाला की डोळा लाल रंगाला आंधळा होत जातो. हिरवट पिवळा त्या वेळी उठून दिसतो. ईएन १७८९ मध्ये आरएएल या रंगतक्त्यातला १०१६ क्रमांकाचा पिवळा सांगितला आहे तो उगाच नाही. ब्रिटनमध्ये बाजूवर हिरवे-पिवळे मोठे चौकोन असतात. मागच्या दारांवर उलट्या व्ही आकाराचे परावर्तक पट्टे लावा, कारण रस्त्याकडेला उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा दार उघडून आत माणसं काम करत असतात. दार उघडल्यावर ते पट्टे दिसेनासे होतात, म्हणून दाराच्या आतल्या बाजूलाही परावर्तक हवेत. दिव्यांचा रंग देशाच्या नियमानं ठरतो: युरोपात निळा, जपानमध्ये लाल. आयात गाडीचे दिवे तुमच्याकडे चालतील का, ते परिवहन खात्याला आधी विचारा.

सायरनचा विषय निघाला की मी जरा चिडतो. त्यामुळे वाचणारा वेळ ४२ सेकंद ते ३.८ मिनिटं एवढाच असतो, असं अमेरिकेतल्या आपत्कालीन सेवेच्या संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्त निवेदनात मांडलं. २०१६ च्या तिथल्या नोंदींचा अभ्यास सांगतो की पेशंटला घेऊन जाताना दिवे-सायरनशिवाय दर लाख फेऱ्यांमागे ७.० अपघात होत होते, ते लावल्यावर १७.१. पेशंटकडे जातानाचा फरक फार कमी होता, ४.६ विरुद्ध ५.४. परतीच्या वाटेवर एवढा फरक का, हे अभ्यास सांगत नाही. माझा अंदाज असा की मागे आवाज वाढतो, चालकाचं लक्ष दुभंगतं आणि पाय दाबला जातो. बंद काचांच्या गाडीत गाणी लावून बसलेल्या माणसाला सायरन ऐकू येईपर्यंत आपण चौकात असतो. लाल दिव्याला पूर्ण थांबा, प्रत्येक लेन मोकळी झाल्याचं बघा, मग निघा. मेंदूचा झटका, रक्तस्राव, अडलेलं बाळंतपण, श्वासनलिकेची अडचण असे थोडे पेशंट सोडले, तर बाकीच्यांना सावकाश, एकसारख्या वेगानं नेलेलं जास्त सोसतं.

तर माझा कौल नवी व्हॅन घेऊन आत काम करून घेण्याकडे आहे, मुख्यतः दरवाज्यामुळे आणि ऑक्सिजनमुळे. देणगीची गाडी डाव्या दरवाज्याची असेल, स्ट्रेचरच्या खिळीचं चाचणी प्रमाणपत्र असेल आणि सुटे भाग तुमच्याकडे मिळत असतील, तर मत बदलायला मी तयार आहे. देणगीदारांना हे तीन प्रश्न आजच लिहून पाठवा आणि टायरवरचे उत्पादनाचे चार अंकी आकडे दिसतील असे फोटो मागवा. पहिले दोन अंक आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून कडक झालेले असतात.

नवी बांधली तर ताबा घेण्याच्या दिवशी टाकी भरून, सगळे सिलिंडर, सगळं सामान, चालक, परिचारक, स्ट्रेचरवर एक धडधाकट माणूस आणि एक नातेवाईक बसवून तिला वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं, मागची चाकं आणि पूर्ण गाडी असं तीनदा तोला. मागच्या धुरीचा आकडा दाराच्या चौकटीतल्या पाटीवरच्या मर्यादेच्या ९० टक्क्यांवर गेला, तर पैसे देण्याआधी मला कळवा. काय काढायचं ते बसून ठरवू.